रिकाम्या पोटी नको

कबाडीवाल्याने किलोवर भाव सांगितला.
रद्दीवाल्याशी करते तशी मी घासाघीस केली,
मग जीभ चावली.

हे खाली आले नाहीत.
गॅलरीतूनच म्हणाले,
काटा तळाला टेकलाय, पाच लिटर भरून घे पंपावर.
अहो, तोडायलाच तर नेतेय.
तरी.
रिकाम्या पोटी पाठवू नये कुणाला.

पस्तीस वर्षं.
पहिली बारा हिला ह्यांच्याशिवाय कुणी हात लावला नाही.
पुसायचं फडकंसुद्धा वेगळं,
आणि त्याला दोरीवर माझ्या लुगड्यांहून मानाची जागा.
मग बँकेच्या पायऱ्यांवर ह्यांचा पाय मोडला
आणि बेचाळिसाव्या वर्षी मी
चिमणबागेच्या मैदानात
क्रिकेटच्या पोरांची बोलणी खात
स्टिअरिंगच्या कानाशी लटकलेला तो गिअर शिकले.
हे शेजारी, प्लास्टरमधला पाय पुढे पसरून,
जिथे ब्रेक नव्हता तिथे
ब्रेक दाबत.

मागच्या सीटखाली चौऱ्याण्णव साली
जिरावनची पुडी फुटली होती.
ऊन चढलं की तो वास अजून वर यायचा.
जब्बार उस्ताद बॉनेट उघडायच्या आधी हुंगायचा,
म्हणायचा, भाभी, भूख इसको लगी है या मेरे को?
उस्ताद गेला.
त्याचा मुलगा लॅपटॉपची तार लावून गाड्यांची नाडी बघतो.
हिला ती तार लावायला
जागाच नव्हती.

मालवा मिलच्या चौकात बंद पडली.
पडायचीच.
मी काच खाली केली.
या शहराचं एक बरं आहे, हाक मारावी लागत नाही.
एक दूधवाला,
शाळा बुडवून हिंडणारी दोन पोरं,
आणि लग्नाच्या बँडमधला एक, लाल कोट, खांद्यावर झुली,
त्याने ट्रम्पेट माझ्या शेजारच्या सीटवर ठेवलं
आणि बाह्या सारल्या.
दूसरे में डालो आंटी, मैं बोलूँ तब क्लच छोड़ना!

ती खोकली, थरथरली, लागली.
टनाटन है आंटी, बेचना मत कभी!
पोरांनी शिट्ट्या मारल्या. बँडवाल्याने खिडकीतून
आपलं ट्रम्पेट उचललं आणि धापा टाकत
एक लांब सूर काढला, आमच्यासाठी.
मी आरशातून हात केला.
कुठे निघालोय
ते सांगायची हिंमत झाली नाही.

पाटनीपुऱ्याहून सरळ जायचं होतं.

देवास नाक्यापलीकडच्या त्या आवारात
पोराने सगळ्यात आधी टाकीत नळी घातली,
तोंडाने ओढलं, बाजूला थुंकला.
गॅसने कापायचं तर हे काढावंच लागतं, म्हणाला.
मापाने मोजलं, तेलाच्या जुन्या डब्यात ओतलं
आणि डबा माझ्याकडे सरकवला.
तीन लीटर. ये आपका है, माताजी.
भाव तर लोखंडाचा ठरला था.

निघताना सवयीने
‘येते’ म्हणून गेले.

ई-रिक्षात डबा मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेला.
आजूबाजूच्या बाया नाकाला पदर लावून बसल्या.

घरी ह्यांनी टोपण उघडलं,
वास घेतला,
परत घट्ट लावलं.
किती?
तीन.
बँकेतला माणूस, बोटांवर हिशोब सुटत नाही अजून:
दोन लिटर लागलं. चौदाचं अ‍ॅव्हरेज.
म्हणजे अठ्ठावीस.
इथून देवास नाका, सात.

मग कठड्यावर हात टेकवून
खाली तिच्या जागेवरच्या ऑइलच्या डागाकडे
बराच वेळ बघत राहिले.
मी चहा टाकला.

बाकीच्या एकवीस किलोमीटरांचं
त्यांनी विचारलं नाही.